ऑर्किडची कुंडी

फुललेल्या ऑर्किडची कुंडी हल्ली हैदराबादच्या रोपवाटिकांत सहज मिळते. कोणी ती भेट म्हणून आणतो, कोणी हौसेने विकत घेतो. महिना-दोन महिने फुलांचा तुरा घराची शोभा वाढवितो. मग फुले गळतात, पाने पिवळी पडतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुंडी रिकामी होते. “ही थंड हवेची झाडे, दख्खनच्या उन्हात जगावयाची नाहीत,” असा निकाल देऊन घरची मंडळी मोकळी होतात. माझ्या पहिल्या रोपाची गत हीच झाली. परंतु दोष हवेचा नव्हता, माझ्या हाताचा होता. मी त्याला उत्तम काळी माती घातली आणि गुलाबाप्रमाणे दोन्ही वेळा पाणी दिले. या मायेनेच ते रोप कुजले.

आपण घरी लावतो ती ऑर्किडे बहुधा रानात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी असतात. सह्याद्रीत पावसाच्या तोंडाशी झाडावरून लोंबणारी ‘सीतेची वेणी’ कोकणातून इकडे आलेल्या कुटुंबांना आठवत असेल. तिलाच आसामात ‘कपौ फूल’ म्हणतात आणि बिहूच्या सणात तरुणी ते केसांत माळतात. ‘वांडा’ हे नाव परदेशी वाटते खरे; पण ते संस्कृत ‘वंदा’ या शब्दावरून सर विल्यम जोन्स यांनी योजिले. ‘रास्ना’ या नावाने ओळखली जाणारी वांडा तर दख्खनच्या उष्ण, कोरड्या रानातही झाडांवर वाढते. तेव्हा ऑर्किडला आपली हवा सोसत नाही, हा समज सरसकट खरा नव्हे.

ऑर्किड हे बांडगूळही नव्हे. ते फांदीवर बसते, पण तिचा रस शोषीत नाही. त्याच्या मुळांवर पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. पावसाची सर येताच ते पाणी टिपून घेते व हिरवे दिसू लागते. वाऱ्याने सुकले की पुन्हा पांढरे होते. भिजणे आणि सुकणे, या दोहोंवर त्या मुळांचे आयुष्य चालते. मातीत ती सुकत नाहीत, त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून कुंडीत माती घालू नये. कोळशाचे व विटेचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि थोडे नारळाच्या सोडणाचे तुकडे एवढे पुरे. कुंडीला बाजूनेही भोके असावीत.

दोन-तीन वर्षांनी सोडण कुजून त्याचा चोथा होतो, मुळांचा वारा कोंडतो आणि फुले कमी होतात. तेव्हा कुंडी बदलावयास हवी. डेंड्रोबियमसाठी आपल्याकडे मृगाच्या सुमाराचा काळ सोयीचा. उन्हाचा ताप उतरलेला असतो आणि नवे कोंब, नवी मुळे फुटत असतात. फुले अंगावर असताना मात्र रोपाला हात लावू नये. आदल्या दिवशी पाणी द्यावे, म्हणजे मुळे लवचिक होतात. रोप काढून जुने सोडण झाडून टाकावे व प्रत्येक मूळ बोटाने दाबून पाहावे. टणक मूळ जिवंत. पोकळ, तपकिरी मूळ मेलेले. मेलेली मुळे ज्योतीवर तापवून निवविलेल्या कात्रीने कापावीत. रोपाचे भाग करावयाचे असल्यास प्रत्येक भागात तीन-चार कांड्या ठेवाव्यात. एकेकटी कांडी फुलावयास फार काळ घेते.

नवी कुंडी किंचितच मोठी घ्यावी. जुन्या कांड्या काठाशी आणि नवा कोंब मोकळ्या बाजूस यावा. बुंधा तुकड्यांच्या वरच राहू द्यावा आणि रोप काठीला बांधावे; ते हलत राहिले तर नव्या मुळांची टोके घासून जातात. मग चार-पाच दिवस सावलीत ठेवून नुसता फवारा द्यावा.

एरवी मुळे पांढरी दिसली की सकाळी भरपूर पाणी द्यावे. कूपनलिकेच्या जड पाण्यापेक्षा साठविलेले पावसाचे पाणी उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन हिरव्या जाळीने अडवावे आणि कुंडीखाली खडे व पाणी भरलेली परात ठेवावी. कुंडीचा तळ मात्र पाण्याला लागू नये. वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, पुड्यावर लिहिलेल्याच्या चौथाई मात्रेने खत पुरते. फॅलेनोप्सिसला फुलांचा दांडा फुटण्यास रात्रीचा गारवा लागतो. आपल्या हिवाळ्यात तो आयता मिळतो. पण रोप बंद खोलीत ठेवल्यास वाया जातो.

शेवटी एक विनंती. ऑर्किडच्या धुळीएवढ्या बीजात अन्नाचा साठा नसतो. रानात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी काचेच्या नळीत साखरेच्या द्रावावर ते बुरशीवाचून रुजविण्याची रीत प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे त्यामुळे सर्वांच्या आवाक्यात आली. तेव्हा कोणी रानातून ओरबाडून आणलेले रोप विकू लागला, तर ते घेऊ नये. तेथे एक रोप गेले की ते सहजासहजी पुन्हा उगवत नाही.

फुले गळाली म्हणून कुंडी टाकून देऊ नका. मुळे पांढरी व टणक असतील, तर रोपाचा पुढचा बहर अजून यावयाचा आहे.