पाण्याच्या पातळीशी थांबणारी लाली

कार्बन डायऑक्साइड वायू भरपूर विरघळलेल्या, सुमारे ३३ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवले, तर थोड्याच वेळात त्वचेवरील लवेला टाचणीच्या टोकाएवढे चंदेरी बुडबुडे चिकटू लागतात आणि पाय बाहेर काढल्यावर, विशेषतः गोऱ्या त्वचेवर, मोजा घातल्यासारखी स्पष्ट सीमारेषा दिसते: पाण्याखालचा भाग लालबुंद, वरचा जसाच्या तसा. कर्बवायुयुक्त खनिजस्नानाचे मर्म या रेषेत आहे. कारण रक्तवाहिन्या रुंदावण्याचा हा परिणाम मुख्यतः तेथेच घडतो, जेथे वायू प्रत्यक्ष पोहोचतो.

कार्बन डायऑक्साइड स्निग्ध पदार्थांतही विरघळत असल्यामुळे त्वचेचा थर ओलांडून सहज आत शिरतो. तेथे ऊतींची आम्लता किंचित वाढते आणि धमनिकांच्या, म्हणजे रक्ताचा पुरवठा कमीजास्त करणाऱ्या सूक्ष्म धमन्यांच्या, भिंतींतील स्नायू सैलावतात. शरीराला ही खूण परकी नाही. राबणारा स्नायू हाच वायू निर्माण करतो आणि त्याद्वारे जणू अधिक रक्ताची मागणी नोंदवतो. स्नानात तीच मागणी बाहेरून नोंदवली जाते. शिवाय डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रिश्चियन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायूवरील पकड ढिली होते, त्यामुळे आलेल्या रक्तातून ऊतींना प्राणवायूही अधिक सुटतो.

या उपचाराचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र म्हणजे जर्मनीतील हेसे प्रांतातले बाड नाउहाइम. तेथे खोदकाम अर्धवट सोडलेल्या एका कूपनलिकेतून डिसेंबर १८४६ मध्ये कोमट, खारट आणि फेसाळ पाण्याचा कारंजा आपोआप उसळला. पुढे बेनेके आणि शॉट बंधू या वैद्यांनी हृदयरोग्यांसाठी स्नानाची आणि मोजूनमापून दिलेल्या व्यायामाची पद्धत बसवली आणि गावाची कीर्ती एवढी पसरली की अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट लहानपणी वडिलांच्या उपचारांच्या निमित्ताने तेथे राहिले आणि तिथल्या शाळेतही गेले. मात्र हृदयावरील त्या काळातील दावे आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर पाण्याच्या दाबाने पायांतील आणि पोटातील रक्त छातीकडे ढकलले जाते, त्यामुळे दुबळ्या हृदयावर उलट भारच पडू शकतो.

या उपचाराचे खरे क्षेत्र पाय हेच असावे. धमन्या अरुंद झालेल्या रुग्णाच्या पोटऱ्यांत थोडे चालताच गोळे येतात, थांबले की ते ओसरतात. ही प्राणवायूच्या टंचाईची वेदना होय. अशा रुग्णांच्या पायांवर झालेल्या मोजमापांत साध्या पाण्याच्या तुलनेत वायुयुक्त पाण्यात त्वचेचा रक्तप्रवाह आणि तेथील प्राणवायूचा दाब वाढलेला आढळला. तरी त्वचेतला प्रवाह म्हणजे पोटरीच्या स्नायूतला प्रवाह नव्हे, आणि तुंबलेली धमनी या स्नानाने मोकळी होत नाही, हा भेद नजरेआड होऊ देता कामा नये.

सांधेदुखीच्या बाबतीत एक वेगळाच गुण उपयोगी पडतो. हा वायू त्वचेतील थंडी जाणणाऱ्या संवेदग्राहींना मंदावतो, परिणामी ३३ अंशांचे पाणीही त्याहून उबदार भासते. ज्यांना कढत पाणी सोसत नाही, त्यांना त्यामुळे ऊब मिळते आणि शरीर तापत नाही. कोकणातल्या उन्हाळ्यांचा, म्हणजे राजापूर किंवा वज्रेश्वरीच्या गंधकयुक्त ऊन झऱ्यांचा, आराम प्रामुख्याने उष्णतेचा असतो. तो आणि हा एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल.

वेदना कमी झाल्याचे सिद्ध करणे मात्र अवघड आहे. औषधाच्या चाचणीत खरी आणि खोटी गोळी सारखी दिसेल अशी बनवता येते. येथे बुडबुडे आणि लाली पाहताच रुग्णाला आपण कोणत्या टबात बसलो आहोत हे कळते, आणि गुण येईल या अपेक्षेनेही दुखणे हलके होते. घरगुती प्रयोगांना तर याहून मोठा धोका आहे: हा वायू हवेहून सुमारे दीडपट जड असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर साचून राहतो आणि बंद न्हाणीघरात तो श्वासावाटे गेल्यास माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणूनच उपचारकेंद्रांत टबावर झाकण घालून केवळ डोके बाहेर ठेवतात आणि खोलीत हवा खेळती ठेवतात.