उधारी विकणाऱ्यांचा बाजार : 'द बिग शॉर्ट'

उधारीवर माल देताना आपण गिऱ्हाईक पाहतो. त्याचे दुकान, त्याचा व्यवहार, मागची बाकी पाहतो. कारण पैसे बुडाले तर ते आपलेच बुडणार असतात. पण उधारी देताच ती दुसऱ्याला विकून मोकळे होता आले तर? मग गिऱ्हाईक कोण पाहील? अमेरिकेत २००८ साली जे आर्थिक संकट कोसळले, त्याचे एक मोठे कारण हेच होते. त्यावरील 'द बिग शॉर्ट' हा २०१५ चा इंग्रजी चित्रपट आम्ही पाहिला. मायकेल लुईस यांच्या २०१० मधील पुस्तकावरून ॲडम मॅके यांनी तो दिग्दर्शित केला आहे. शेअरबाजारात ज्याला मंदीचा सौदा म्हणतात, त्यावरून हे नाव पडले आहे.

घरासाठी कर्ज देणाऱ्या कंपन्या तेथे ती कर्जे मोठ्या बँकांना विकत. बँका अशी हजारो कर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे काढीत आणि पतमापन संस्था त्यांवर 'उत्तम' असा शिक्का मारीत. या शिक्क्याचे पैसे रोखे काढणाऱ्या बँकाच देत! बऱ्याच कर्जांचा हप्ता पहिली दोन वर्षे लहान असे, पुढे व्याजदर एकदम चढे. तरीही कित्येकांना उत्पन्नाचा पुरावा न पाहताच कर्जे वाटली गेली.

चित्रपटातील मायकेल बरी (ख्रिश्चन बेल) ही खरी व्यक्ती आहे. शिक्षणाने डॉक्टर, व्यवसाय लोकांचे पैसे गुंतवण्याचा. इतरांनी शिक्का पाहिला, त्यांनी आतले कागद वाचले. २००५ साली त्यांनी बँकांशी करार केले : हप्ते आपण भरायचे, रोखे बुडाले तर भरपाई बँकांनी द्यायची. घरांचे भाव टिकून होते तोवर त्यांना नुसते हप्तेच भरावे लागले. गुंतवणूकदार चिडून पैसे परत मागू लागले, तेव्हा त्यांनी पैसे काढण्यावर निर्बंध घातले. २००७ मध्ये कर्जे मोठ्या प्रमाणावर थकली आणि त्यांचा हिशेब खरा ठरला. १५ सप्टेंबर २००८ रोजी १५८ वर्षांची लेहमन ब्रदर्स ही बँक दिवाळखोरीत गेली.

एक प्रसंग मनात राहतो. सौदा जमला म्हणून दोन तरुण नाचू लागतात. त्यांचा वडीलधारा सोबती (ब्रॅड पिट) त्यांना खडसावतो, की आपण जिंकलो तर लोकांची घरे, नोकऱ्या, म्हातारपणाची पुंजी जाणार आहे.

आणि घाव अमेरिकेपुरता राहिला नाही. तेथील गिऱ्हाईक आटताच आपल्याकडे मुरादाबादच्या पितळ कारागिरांचे आणि सुरतेच्या हिरे घासणाऱ्यांचे काम तुटले. त्यांनी ना ते कर्ज घेतले होते, ना ते रोखे. संकट ओळखणाऱ्यांनी नफा कमावला. ज्यांचा संबंध नव्हता त्यांच्या चुली थंडावल्या.

चित्रपटात शिवराळ भाषा आहे व काही दृश्ये घरच्यांसह पाहण्याजोगी नाहीत. व्यापाऱ्याने घ्यावा असा धडा मात्र त्यात आहे. हमखास नफ्याची योजना घेऊन कोणी दुकानात आला, तर व्यापारी बांधवांनी त्याला तीन प्रश्न विचारावेत : पैसा कोठे लागतो? बुडाला तर कोणाचा बुडतो? आणि योजना चांगली म्हणणाऱ्याला पैसे कोण देतो? सरळ उत्तर मिळेपर्यंत गल्ल्याला कुलूप असू द्यावे.