हुमणी : औषध आधी की भुंगेरे आधी?

सभासद बंधूंनो,

भाद्रपद लागला की गट ऑफिसात एकच तक्रार येते, "साहेब, ऊस पिवळा पडलाय. हिसका दिला की अख्खं बेट हातात येतंय." खणून पाहावे तर बुडाशी अर्धगोल वाकलेली पांढरट अळी. मग दुकानाकडे धाव, औषधाला पैसे, आणि तोडणीला टनेज घटलेलेच. असे का होते ते समजून घेऊ.

हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. वळीव पडला की मे-जूनमध्ये भुंगेरे जमिनीतून निघतात, दिवेलागणीला बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात आणि पहाटेच्या आत पुन्हा मातीत शिरतात. एक मादी सरासरी ५० ते ६० अंडी घालते. अळीच्या तीन अवस्थांपैकी तिसरी सर्वांत खादाड. ऊस पिवळा दिसतो तो बहुधा तेव्हाच. त्या वेळी ऊस डोक्याएवढा, अळी मुळांच्या खाली. औषध पोचणार कुठून?

पूर्वी बीएचसी पावडर धुरळत. तिच्यावर १९९७ साली बंदी आली. पुढे फोरेट आले, तेही २०२० अखेर बंद झाले. फोरेट आम्हीही सांगत होतो, हे कबूल केले पाहिजे. त्याने आपल्या रानातली अळी मरे, पण पुढच्या वळवाला शेजारच्या बांधावरून भुंगेरे हजर!

आता हिशेब तुम्हीच करा. जूनमध्ये अंडी घालण्याआधी एक मादी मारली, की सप्टेंबरात ५०-६० अळ्या खणायचे काम वाचले. झाडाखाली ताडपत्री अंथरा, काठीने फांद्या झोडपा, पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. खर्च नाही म्हटले तरी चालेल.

राहिलेल्या अळीसाठी मेटारायझियम बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना द्या. मात्र अळी लहान आहे तोवरच. जास्त लागलेल्या रानाचा खोडवा ठेवू नका. खोल नांगरट करा, उघडी पडलेली अळी पाखरे वेचतात.

पण एकट्याने भुंगेरे धरून भागत नाही. भुंगेऱ्याला सर्व्हे नंबर कळत नाही. म्हणून पहिल्या वळवाच्या संध्याकाळी घरटी एक माणूस काठी घेऊन शिवारात यावा. आम्हीही तुमच्याबरोबर बांधावर असू.

आपले,
ऊस विकास विभाग