किती वेळ, कितीदा, कधीपासून: जर्मनमध्ये व्यायामाबद्दल बोलताना

जर्मनीत डॉक्टरकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे गेलात आणि व्यायामाचा विषय निघाला, तर उत्तरं तीन प्रश्नांची लागतात. वी लांगे, म्हणजे किती वेळ. वी ऑफ्ट, म्हणजे कितीदा. झाइट वान, म्हणजे कधीपासून. उत्तरं मुळात सोपी आहेत. आपण मराठीतला विचार आधी इंग्रजीत नेतो आणि मग जर्मनमध्ये उतरवतो, तिथे ती बिघडतात.

सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज म्हणजे कालावधी आला की 'फ्युर' हवंच. इंग्रजीतल्या 'फॉर'शी त्याचं नातं दिसतं, म्हणून विद्यार्थी ते सर्रास लावतात. 'मी अर्धा तास धावतो' याचं साधं जर्मन आहे 'इश लाउफे आइने हाल्बे श्टुंडे'. मधे काहीच नाही, जसं मराठीतही नाही. कालावधी फक्त आक्कुझाटिव विभक्तीत येतो. स्त्रीलिंगी श्टुंडेमध्ये हा बदल दिसत नाही, पुल्लिंगी मोनाटमध्ये दिसतो: 'आइनेन मोनाट', एक महिना. जोर द्यायचा असेल तर मागे 'लांग' जोडा: 'आइने श्टुंडे लांग'. 'फ्युर' बाद नाही. दोन आठवड्यांसाठी बर्लिनला जायचं ठरवलं असेल, तर 'फ्युर त्स्वाय वोखेन' अगदी बरोबर.

दुसरा गैरसमज काळाचा. तीन वर्षांपासून चालू असलेल्या व्यायामासाठी विद्यार्थी भूतकाळ वापरतात, कारण इंग्रजीत तिथे 'हॅव बीन' येतं. जर्मनमध्ये तिथे वर्तमानकाळच लागतो: 'इश ट्रेनीरे झाइट ड्राय यारेन'. 'मी तीन वर्षांपासून व्यायाम करतोय' हे मराठी वाक्य समोर ठेवा, रचना जवळपास तीच आहे. 'झाइट'नंतर डाटिव विभक्ती येते, म्हणून 'यारे'चं 'यारेन' होतं. व्यायाम बंद पडला असेल तर मात्र भूतकाळ चालतो: 'इश हाबे झाइट ड्राय वोखेन निश्ट ट्रेनीर्ट'. आपणही 'तीन आठवडे व्यायाम केला नाही' असंच म्हणतो.

'कितीदा'मध्ये अडचण नाही. 'ड्रायमाल प्रो वोखे', आठवड्यातून तीनदा, एवढं पुरतं.

अपूर्णांकांत जर्मन अवघड आहे, हा समज मला सर्वात अन्यायाचा वाटतो. दीड तासाला 'आंडर्टहाल्ब श्टुंडेन' आणि पाऊण तासाला 'ड्रायफिर्टेलश्टुंडे' असे सरळ शब्द आहेत. दीड आणि पाऊण लहानपणापासून बोलणाऱ्या मराठी माणसाला याचं दडपण कशाला? 'इन आख्ट टागेन' म्हणजेही एक आठवड्यानंतर, आपल्या 'आठ दिवसांनी या' सारखंच.

'वाजता' आणि 'तास' हा फरक जर्मनमध्येही आहे. 'ऊर' घड्याळातल्या वेळेसाठी आणि 'श्टुंडे' कालावधीसाठी, म्हणून 'उम झीबेन ऊर' सात वाजता आणि 'झीबेन श्टुंडेन' सात तास. एका ठिकाणी मात्र मराठीवर विसंबू नका: 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेआठ नव्हे, साडेसात. आठव्या तासाचा अर्धा भाग संपलेला असतो. जिमची वेळ ठरवताना समोरच्याने 'हाल्ब आख्ट' म्हटलं, तर साडेसातलाच पोहोचा.