दुसरी श्रेणी आणि दुय्यम श्रेणी

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी 'दुय्यम' हा शब्द नजरेस पडतो तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीच्या पाटीवर. खरेदीखत नोंदवावयास आलेल्या शेतकऱ्याला त्या शब्दात कसलाही कमीपणा जाणवत नाही; निबंधकाच्या हाताखालचा अधिकारी, एवढाच त्याचा तेथे अर्थ. परंतु हाच शेतकरी 'दुय्यम बियाणे' किंवा 'दुय्यम वागणूक' असे म्हणतो, तेव्हा त्याच शब्दाला हिणकसपणाची छटा आलेली असते. 'दुसरा' हा आपला देशी क्रमवाचक आणि 'दुय्यम' हा फारसीतून आलेला. संख्या दोघांचीही एकच. मात्र 'दुसरा' हा शब्द पहिल्यानंतरचे स्थान सांगतो, तर 'दुय्यम' हा बहुधा पहिल्याखालची योग्यता सांगतो.

हा भेद केवळ कोशाचा नव्हे. व्यावसायिक फुटबॉलच्या साखळी स्पर्धा एकाखाली एक अशा श्रेणींमध्ये मांडलेल्या असतात, आणि वरून दुसऱ्या असलेल्या श्रेणीला मराठीत 'दुसरी श्रेणी' असेही म्हणता येते व 'दुय्यम श्रेणी' असेही. यांपैकी कोणते नाव यथार्थ, हे कशावरून ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी गोव्याच्या डेंपो स्पोर्ट्स क्लबचा २०१५-१६ चा हंगाम मुख्य उदाहरण म्हणून घेतला असून, श्रेणींची रचना समजावी म्हणून स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीतील २०१३-१४ च्या हंगामाचा आधार घेतला आहे.

१. प्रत, गट आणि श्रेणी

कोणत्याही वर्गीकरणात प्रथम पाहावयाचे ते हे की, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाता येते किंवा नाही. मराठेशाहीच्या महसुली लेखनात जमिनीची प्रतवारी अव्वल, दूम, सीम अशी केलेली आढळते. दूम प्रतीच्या शेतात एखाद्या वर्षी कापूस कितीही चांगला पिकला, तरी तेवढ्याने ती जमीन अव्वल ठरत नाही. प्रत ही मातीची असते, पिकाची नव्हे. वऱ्हाडातील गावोगावच्या कबड्डीत संघांचे वजनी गट असतात. तेथेही खालच्या गटातील विजेत्याला पुढच्या वर्षी वरच्या गटात घालीत नाहीत. त्याचे वजन वाढले तरच तो वर जातो.

साखळी स्पर्धेतील श्रेणी या दोहोंहून निराळी आहे. तेथे संघाचे स्थान त्याच्या मातीवर किंवा वजनावर ठरत नसून गेल्या हंगामातील पिकावर ठरते. वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली येतात, खालच्या श्रेणीतील माथ्याचे संघ वर जातात, आणि दरवर्षी हा फेरबदल होतो. म्हणून अशा रचनेला प्रतवारी न म्हणता शिडी म्हणणे अधिक योग्य होय.

या क्रियेला मराठी वृत्तपत्रे 'बढती' म्हणतात. स्पॅनिश भाषेत तिला 'आसेन्सो' म्हणजे आरोहण असे नाव असून क्रियापद 'सुबिर' म्हणजे चढणे हे आहे. उलट दिशेचे क्रियापद 'बाहार' म्हणजे उतरणे. दोन्ही क्रियांचा कर्ता संघ स्वतः असतो. मराठीतील 'बढती' मात्र कचेरीतून आलेली आहे. बढती 'मिळते', अर्थात् ती देणारा कोणी वरिष्ठ असतो, आणि जो देतो तो रोखूनही धरू शकतो. हा व्याकरणातील फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

२. स्पेनमधील शिडी

स्पेनची दुसरी श्रेणी, 'सेगुंदा दिव्हिसिओन', १९२९ साली सुरू झाली. 'सेगुंदा' या शब्दाचे मूळ लॅटिन 'सेकुंदुस' हे असून त्याचा धात्वर्थ मागोमाग येणे हा आहे. १९९७-९८ पासून या श्रेणीत २२ संघ आहेत. प्रत्येक संघ इतर २१ संघांशी स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर एकेकदा खेळतो. त्यामुळे प्रत्येकाचे ४२ आणि एकूण ४६२ सामने होतात. पहिले दोन संघ थेट वर जातात. त्यांच्या पाठोपाठच्या चार संघांत बाद पद्धतीची स्पर्धा होऊन तिसरा संघ ठरतो. शेवटचे चार संघ तिसऱ्या श्रेणीत उतरतात.

२०१३-१४ च्या हंगामात या नियमांची सर्व अंगे एकाच वेळी पाहावयास मिळाली. तिसरे स्थान बार्सिलोनाच्या राखीव संघाने मिळविले होते. परंतु मूळ संघ ज्या श्रेणीत आहे तीत त्याच्या राखीव संघाला प्रवेश नसल्यामुळे त्याला वगळून चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे संघ बाद फेरीस पात्र ठरले. त्यांतील सातव्या क्रमांकाचा कोर्दोबा अंतिम लढतीच्या अखेरच्या क्षणी केलेल्या गोलामुळे पहिल्या श्रेणीत गेला. दुसऱ्या क्रमांकावर देपोर्तिवो ला कोरुन्या होता. २००० साली संपूर्ण स्पेनचे विजेतेपद मिळविलेला हा संघ आदल्याच वर्षी खाली उतरला होता आणि एका हंगामात परत चढला.

पहिला क्रमांक एइबारचा. बास्क प्रांतातील हे सुमारे २७,००० वस्तीचे गाव, म्हणजे वस्तीच्या दृष्टीने आपल्याकडील एखादे तालुक्याचे ठिकाण. बंदुका, सायकली आणि शिवणयंत्रे यांच्या कारखान्यांसाठी ते प्रसिद्ध होते. आदल्या वर्षी तिसऱ्या श्रेणीतून आलेल्या या संघाने २५ मे २०१४ रोजी आलावेसचा १-० असा पराभव करून पहिल्या श्रेणीतील प्रवेश निश्चित केला. त्याच्यावर कर्ज नव्हते व खर्चही माफक होता. तरीही मैदानावरील विजय पुरेसा ठरेना. स्पॅनिश कायद्यानुसार संघाच्या भागभांडवलाची किमान मर्यादा या श्रेणीतील इतर संघांच्या सरासरी खर्चावरून ठरत असे, आणि त्या हिशेबाने एइबारला सुमारे सतरा लाख युरोंचे भांडवल नव्याने उभारणे भाग होते. मुदतीत ते न उभारल्यास श्रेणीतील विजेता असूनही हा संघ तिसऱ्या श्रेणीत ढकलला गेला असता. संघाने लहान रकमांचे भाग विक्रीस काढले. ते गावकऱ्यांप्रमाणेच अनेक देशांतील अपरिचित लोकांनी विकत घेतले, आणि मुदतीपूर्वी रक्कम जमली.

नियम असा काटेकोर असला तरी तो सर्वांना सारखाच लागू होता. चौथ्या क्रमांकाच्या मुर्सियाला आर्थिक अटींमुळे तिसऱ्या श्रेणीत जावे लागले आणि त्याच्या जागी उतरणारा मिरांदेस वाचला. पुढच्या वर्षी एइबार पहिल्या श्रेणीत अठरावा आला. नियमाप्रमाणे तो उतरावयाचा. परंतु त्याच्याहून वर असलेल्या एल्चेला थकलेल्या देण्यांमुळे खाली पाठविण्यात आल्याने एइबार वाचला आणि २०२१ पर्यंत पहिल्या श्रेणीत टिकला. ज्या हिशेबाने या गावाला प्रथम अडविले, त्याच हिशेबाने पुढे त्याला तारले.

३. डेंपोचा हंगाम

भारतात राष्ट्रीय फुटबॉल साखळी १९९६ मध्ये सुरू झाली व २००७ पासून तिची जागा आय-लीगने घेतली. या दोन्ही स्पर्धा मिळून डेंपोने पाच वेळा विजेतेपद मिळविले : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली २००८ मध्ये हा संघ आशियाई महासंघाच्या चषक स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता. असा संघ २०१४-१५ च्या हंगामाअखेर दुसऱ्या श्रेणीत उतरला.

वर देपोर्तिवोचे उदाहरण आलेच आहे. मोठ्या संघाचे उतरणे ही शिडीच्या रचनेत अपवादात्मक गोष्ट नव्हे. किंबहुना तिची सचोटी त्यावरूनच सिद्ध होते. डेंपोनेही हा न्याय मानला. २०१५-१६ मध्ये तो आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत, कालपरवा स्थापन झालेल्या संघांबरोबर खेळला. पंजाबची मिनर्व्हा अकादमी याच श्रेणीत होती. हंगामाअखेर डेंपो विजेता ठरला व पुढच्या वर्षीच्या आय-लीगमधील जागा त्याने मैदानावर मिळविली. येथवर हा हंगाम आणि एइबारचा हंगाम यांत तत्त्वतः काहीही फरक नाही.

फरक पडला तो वरच्या पायरीत. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली होती. तीत कोणी चढत नसे व कोणी उतरत नसे. संघांना जागा मिळत त्या भांडवलाच्या बळावर. २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने असा प्रस्ताव मांडला की, या स्पर्धेला देशातील पहिली श्रेणी मानावे आणि आय-लीगला तिच्या खाली ठेवावे. खालून वर जाण्याची सोय त्यात नव्हती. या प्रस्तावाच्या निषेधार्थ साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लूब द गोवा हे संघ आय-लीगमधून बाहेर पडले. पाठोपाठ डेंपोनेही, जी जागा नुकतीच जिंकली होती, ती सोडली.

या निर्णयाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. डेंपोने दुसऱ्या श्रेणीत खेळण्यास नकार दिला नव्हता. त्या श्रेणीत तो पूर्ण एक हंगाम खेळला होता. त्याने नाकारली ती दुय्यम श्रेणी, म्हणजे जिच्या वर एक दालन आहे परंतु तेथे जाण्यास जिना नाही अशी श्रेणी. एइबारपुढे दार होते आणि दाराशी दाम मागितला जात होता. डेंपोपुढील दारच भिंतीत बुजविले जाणार होते.

४. परिणाम

गोव्यातील तीन संघ बाहेर पडल्यामुळे आय-लीगमध्ये जागा रिकाम्या झाल्या. मिझोरममधील ऐझॉल एफ.सी. हा संघ २०१५-१६ मध्ये शेवटून दुसरा येऊनही उतरला होता, कारण त्याच्याखालच्या पुण्याच्या डी.एस.के. शिवाजियन्सला थेट प्रवेशामुळे उतरण्यापासून संरक्षण होते. रिकाम्या जागेमुळे ऐझॉलला परत घेण्यात आले, आणि मुंबई एफ.सी.चे माजी प्रशिक्षक खालिद जमील यांच्या हाताखाली त्याच संघाने २०१६-१७ चे विजेतेपद पटकाविले. मिनर्व्हा आणि चेन्नई सिटी यांना त्याच वर्षी थेट प्रवेश मिळाला होता. त्यांनी अनुक्रमे २०१७-१८ व २०१८-१९ ची विजेतेपदे मिळविली. लागोपाठचे हे तीन विजेते पाहिले असता खालच्या संघांत योग्यता नसते हे गृहीत टिकत नाही. योग्यता होती, वाट मात्र नियमाने न मिळता योगायोगाने मिळाली.

महाराष्ट्रातील अनुभव दुसऱ्या बाजूने हेच सांगतो. मुंबई एफ.सी. हा संघ २००८ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर आला, २०१७ मध्ये उतरला आणि त्यानंतर बंद पडला. देपोर्तिवो पुढे २०२० मध्ये तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला, तरी त्याचे मैदान ओस पडले नाही, आणि २०२४ मध्ये तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला. परत चढता येईल असा भरवसा असला तरच उतरलेला संघ जगतो. तो नसेल तर उतरणे आणि संपणे हे समानार्थी शब्द होतात.

भारतातील शिडी पुढे काही अंशी दुरुस्त झाली. २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगला पहिल्या श्रेणीचे स्थान अधिकृतपणे मिळाले, आणि २०२२-२३ च्या हंगामापासून आय-लीगच्या विजेत्याला तीत प्रवेश देण्याचे ठरले. त्या वाटेने प्रथम वर गेला तो पंजाब एफ.सी., म्हणजे पूर्वीचा मिनर्व्हाच; २०२४ मध्ये कलकत्त्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग गेला. मात्र २०२४-२५ पर्यंत पहिल्या श्रेणीतून कोणीही खाली उतरलेला नव्हता. ज्या शिडीवर चढता येते पण जीवरून उतरावे लागत नाही, ती अर्धीच शिडी होय.

डेंपो दरम्यान गोव्याच्या प्रांतिक साखळीत खेळत राहिला. २०२३-२४ मध्ये तो राष्ट्रीय तिसऱ्या श्रेणीत उतरला, दुसरा आला व २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये गेला. २०१६ मध्ये जिंकलेली व सोडलेली जागा त्याने आठ वर्षांनी पुन्हा जिंकली. स्पर्धेचे नाव तेच होते. परंतु २०१६ मध्ये जी पहिली श्रेणी होती ती आता दुसरी झाली होती.

५. समारोप

सारांश, 'दुसरी' आणि 'दुय्यम' यांतील भेद खेळाच्या गुणावगुणांवर अवलंबून नाही. सेगुंदातील खेळ पहिल्या श्रेणीइतका उत्तम नसतो हे सर्वांस ठाऊक आहे. तरीही ती दुय्यम नाही, कारण तिच्यातून दरवर्षी तीन संघ वर जातात व वरून तीन खाली येतात. क्रमवाचक संख्या हा एक संबंध आहे. पहिल्याशी जाण्यायेण्याचा संबंध असेतोवर 'दुसरा' हा शब्द क्रम सांगतो. तो संबंध तुटला की तोच शब्द प्रत सांगू लागतो, आणि मग ज्याच्या वाट्यास तो येतो त्याची अवस्था दूम प्रतीच्या जमिनीसारखी होते : पीक कितीही येवो, नोंद बदलत नाही. डेंपोने २०१६ मध्ये पीक काढले होते. वाद पिकाचा नव्हताच, नोंदीचा होता.