कुलपातला नकाशा

मी अभियंता नव्हे. साहित्याचा विद्यार्थी म्हणून एम. ए. झालो आणि पुढे सरकारी सेवेत आलो. त्यामुळे नकाशे, पातळ्या आणि सळ्या यांच्याशी माझा संबंध कित्येक वर्षे केवळ स्वाक्षरीपुरताच होता. संगणकावरच्या नकाशांविषयी आज जे सांगणार आहे, ते सारे मला एका ओढ्यावरच्या लहानशा पुलाने शिकवले. शिकवणी थोडक्यात महाग पडायची राहिली, म्हणून ती सांगतो.

त्या पुलाच्या जागी चाचणी खड्डा घेतला, तेव्हा कातळ अपेक्षेपेक्षा मीटरभर खाली लागला. साहजिकच शाखा अभियंत्यांनी नकाशा उघडून पायाची पातळी खाली नेण्याचे काम हाती घेतले, आणि ते अर्धवट ठेवून ते एका बैठकीला गेले. नकाशा त्यांच्या संगणकावर उघडाच राहिला. इकडे आमच्या आरेखकाने तोच नकाशा आपल्या यंत्रावर उघडला. यंत्राने त्याला बजावले की, ही फाईल दुसऱ्या कोणाच्या हाती आहे, ती केवळ वाचनासाठी उघडायची का? त्याने ‘हो’ म्हटले आणि चार तास बसून बाजूच्या भिंतींच्या सळ्यांचा तपशील सुधारला. मधल्या वेळात अभियंते परतले, पातळी बदलून त्यांनी फाईल जतन केली आणि ते घरी गेले. संध्याकाळी आरेखक आपले काम जतन करू लागला, तर यंत्र ऐकेना. तेव्हा त्याने ‘अंतिम नवा’ असे नाव देऊन निराळी प्रत केली. पुढच्या आठवड्यात सर्वांत अलीकडच्या वेळेची फाईल म्हणून तीच छापली गेली, माझी स्वाक्षरी तिच्यावर झाली, आणि ती कामावर रवाना झाली. तिच्यात सळ्या नव्या होत्या. पातळी मात्र जुनी.

काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी मुकादमाने काम थांबवले. चाचणी खड्डा त्याने स्वतः खणून घेतला होता. कागदावरचा पाया मऊ मुरमावर बसतो आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्याला संगणक येत नव्हता, पण जमीन वाचता येत होती. तो गप्प राहिला असता तर पहिल्या दोनचार पावसाळ्यांत त्या पुलाचे काय झाले असते, याचा विचार मी अजूनही फारसा करीत नाही.

आरेखकाला दोष देणे सोपे होते, आणि तसे सुचवणारेही भेटले. परंतु यंत्राने त्याला जे सांगितले, त्याचा अर्थ आम्ही कोणीच त्याला कधी समजावला नव्हता. कारण तो आम्हालाच ठाऊक नव्हता.

वास्तविक या कुलपामागची कल्पना जुनीच आहे. पूर्वी नकाशाची मूळ प्रत मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर शाईने काढीत आणि ती अभिलेख कक्षात ठेवीत. तिच्यात दुरुस्ती करायची तर नोंदवहीत सही करून ती बाहेर काढावी लागे. मूळ प्रत एकच असल्यामुळे एका वेळी एकच हात तिच्यावर चाले. बाकीच्यांनी छापील प्रती पाहाव्यात. ऑटोकॅड हा आरेखनाचा कार्यक्रम 1982 साली बाजारात आला. त्याची डीडब्ल्यूजी या नावाने ओळखली जाणारी फाईल आज देशभरच्या कार्यालयांत वापरली जाते. तो कार्यक्रम नोंदवहीचे हेच काम आपल्या परीने करतो. कोणी नकाशा उघडला की त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाची, पण शेवटी डीडब्ल्यूएल अशी अक्षरे असलेली चिमुकली फाईल तयार होते. नकाशा कोणी, कोणत्या संगणकावर आणि किती वाजता उघडला, हे तिच्यात लिहिलेले असते. नकाशा रीतसर बंद झाला की ती आपोआप नाहीशी होते. कोणाच्या हाती नकाशा आहे हे विचारण्यासाठी ‘हूहॅज’ नावाची आज्ञाही आहे. ती आज्ञा त्या दिवशी कोणाला ठाऊक असती, तर एक दूरध्वनी करून प्रकरण मिटले असते.

अडचण येते ती नोंदवहीतली सही पुसायची राहून जाते तेव्हा. वीज जाते, यंत्र मध्येच गोठते, सर्व्हरशी असलेला दुवा तुटतो. नकाशा रीतसर बंद होत नाही आणि कुलूप तसेच लटकत राहते. मग ज्याचा नकाशा त्यालाच तो ‘केवळ वाचनासाठी’ उघडून मिळतो. अशा वेळी प्रथम ज्याचे नाव दिसते त्याला प्रत्यक्ष विचारावे. तो खरोखर काम करीत नसेल, तर त्याच्या यंत्रात ऑटोकॅड पडद्याआड चालू राहिलेला नाही ना, हे टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. असल्यास तो बंद करावा, आणि त्यानंतरच ती राहून गेलेली डीडब्ल्यूएल फाईल पुसावी. तरीही काम झाले नाही, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे उघड्या फायलींची यादी असते. तिच्यातून तो ही नोंद काढू शकतो. हा क्रम उलटा करू नये. आधी कुलूप तोडून मग चौकशी करणाऱ्यांची आमच्याकडे कमतरता नव्हती.

प्रत्येक वेळी दोष या कुलपाचाच असतो असे नाही. खुद्द फाईलवर ‘रीड-ओन्ली’ अशी खूण असू शकते. पूर्वी सीडीवरून उतरवलेल्या फायलींवर ती पुष्कळदा आढळे. फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ती चौकट रिकामी केली की काम होते. येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्येही तशीच चौकट दिसते आणि ती कितीदाही रिकामी केली तरी पुन्हा भरलेली दिसते. आमच्या एका लिपिकाने त्यापायी अर्धा दिवस घालवला. त्या भरलेल्या चौकटीचा फोल्डरच्या संरक्षणाशी काही संबंध नाही. तिच्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

परवानगीचा प्रकार थोडा अवघड आहे. सर्व्हरवरचे फोल्डर वाचण्याची मुभा असते, लिहिण्याची नसते, हे कोणालाही समजते. परंतु फाईलवर लिहिण्याची मुभा असूनही नकाशा जतन होत नाही, तेव्हा माणूस बुचकळ्यात पडतो. त्याचे कारण असे की, ऑटोकॅड जुन्या फाईलवर थेट लिहीत नाही. तो आधी शेजारी तात्पुरती फाईल तयार करतो, मूळ फाईलला बीएके हे शेपूट लावून बाजूला सारतो, आणि मग नवीला मूळ नाव देतो. म्हणजे त्या फोल्डरमध्ये नव्या फायली तयार करण्याची आणि जुन्या हलवण्याची परवानगीही हवी. ही बीएके फाईल कचरा समजून पुसू नये. नकाशा बिघडला तर तिचे शेपूट बदलून डीडब्ल्यूजी केले की आधीच्या वेळचा नकाशा परत मिळतो. राहिली गोष्ट ईमेलला जोडून आलेल्या किंवा झिपच्या गाठोड्यात बांधलेल्या नकाशांची. ते गाठोड्यातच उघडून काम करू नये. आधी बाहेर काढून योग्य फोल्डरमध्ये ठेवावेत. नाहीतर केलेले काम कोठल्या तात्पुरत्या जागी जाते, ते शोधणे कठीण.

पण मुळात ‘अंतिम नवा’ ही फाईल जन्मास का आली? ती कोठे ठेवायची, याला आमच्याकडे काही नियमच नव्हता म्हणून. आयबीएमच्या घरगुती संगणकाची पहिली डॉस प्रणाली 1981 साली आली, तेव्हा तिच्यात फोल्डर नव्हतेच. ते 1983 च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. आमचा सर्व्हर मात्र इतक्या वर्षांनंतरही 1981 सालीच नांदत होता! सगळ्या कामांचे सगळे नकाशे एकाच ढिगात पडलेले होते. आणि हे कोणत्या लोकांकडे? ज्यांच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले, निवडक कागदांचेच 45 खंड रियासतकार सरदेसाई यांनी संपादित केले, त्या लोकांकडे. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत सहा गठ्ठा पद्धत कोणाला माहीत नाही? प्रलंबित प्रकरणे एकीकडे, उत्तराची वाट पाहणारी दुसरीकडे, अभिलेख कक्षात जायची तिसरीकडे, नष्ट करायची अगदी निराळी. कागदाच्या बाबतीत जे अंगवळणी पडले होते, ते पडद्यासमोर बसताच आम्ही विसरून गेलो.

आम्ही मग प्रत्येक कामाला एक फोल्डर दिले आणि त्याच्या पोटात चार कप्पे केले: बाहेरून आलेले, चालू, निर्गमित आणि अधिक्रमित. यात आमची प्रतिभा काही नाही. ब्रिटनच्या 2007 सालच्या बीएस 1192 या मानकात आणि पुढे 2018 साली आलेल्या आयएसओ 19650 मध्ये काम चालू असलेले, वाटलेले, प्रसिद्ध झालेले आणि जुने अशी वर्गवारी आहेच. फाईलच्या नावात ‘अंतिम’ हा शब्द आम्ही वर्ज्य केला. त्याऐवजी कामाचा क्रमांक, नकाशाचा क्रमांक आणि सुधारणेचे अक्षर घालतो; तारीख घालायची झाल्यास आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. नावे आटोपशीर ठेवतो, कारण विंडोजमध्ये फोल्डरांसह संपूर्ण पत्त्याची लांबी साधारणपणे 260 अक्षरांच्या आत राहावी लागते, आणि सरकारी कामांची नावे कशी असतात ते आपण जाणताच.

आवराआवरीत एक ठेच लागली. एका नकाशात दुसरे नकाशे संदर्भ म्हणून जोडलेले असतात, आणि त्यांचा पत्ता मूळ नकाशात लिहिलेला असतो. फायली हलवताच कित्येक नकाशांतून खांब, रस्ते, ओढे नाहीसे झाले. पत्ता सापेक्ष असेल आणि संपूर्ण फोल्डर एकत्र हलवले, तर हे होत नाही. ऑटोकॅडच्या 2018 च्या आवृत्तीपासून नव्या संदर्भांना सापेक्ष पत्ताच आपोआप मिळतो. आमचे नकाशे त्यापूर्वीचे होते. ते एकेक जोडण्यात तीन आठवडे गेले.

आता निर्गमित कप्प्यात लिहिण्याची परवानगी फक्त मुख्य आरेखकाला आहे; इतर सर्वांना, मलासुद्धा, तेथील नकाशा केवळ वाचनासाठी उघडतो. ‘अंतिम नवा’ आम्ही पुसला नाही. तो अधिक्रमित कप्प्यात ठेवला आहे आणि नव्या आरेखकाला रुजू होताच तो मूळ नकाशाशेजारी उघडून दाखवला जातो. पायाच्या पातळीचा आकडा त्याने स्वतः शोधून काढायचा असतो.