यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच चुकलेला रिपोर्ट

रिपोर्ट चुकला की बोट आधी यंत्राकडे जातं, नाहीतर टेक्निशियनकडे. इटलीतल्या पादुआ इथल्या रुग्णालयाच्या तातडीच्या प्रयोगशाळेतल्या चुकांची मोजदाद १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ६८ टक्के चुका तपासणीआधीच झालेल्या होत्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या १३ टक्केच.

नांदेड-लातूरमध्ये हा तपासणीआधीचा टप्पा लांबलचक असतो. महालॅब योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतलेलं रक्त गाडीने प्रयोगशाळेत जातं, खाजगी कलेक्शन सेंटरचंही तेच. किनवट-माहूर असो की देवणी-निलंगा, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो. साध्या बल्बमधल्या, म्हणजे रक्त ठेवायच्या साध्या नळीतल्या, रक्तपेशी मात्र साखर खातच राहतात. खोलीच्या तापमानालाही तासाला ५ ते ७ टक्के साखर घटते, उकाड्यात आणखी वेगाने. उपाशीपोटी १३५ असलेली साखर दोन तासांत १२६ च्या, म्हणजे मधुमेहाच्या निदानरेषेच्या खाली येते आणि रुग्ण निर्धास्त घरी जातो. करड्या टोपणाचा फ्लोराइड बल्बही पहिला तास-दीड तास ही घट पूर्ण थांबवत नाही. उपाय साधा आहे: बर्फाची पेटी, बल्बवर वेळेची नोंद आणि केंद्रावरच लवकर सेंट्रिफ्यूज करून पेशी वेगळ्या करणं.

रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या टोपणाच्या बल्बमधलं थोडं साध्या बल्बमध्ये ओतलं, तर त्यातल्या ईडीटीए या गोठणरोधकासोबतचं पोटॅशियम रिपोर्टमध्ये चढतं, कॅल्शियम पडतं. धडधाकट माणूस कागदावर अत्यवस्थ ठरतो. यंत्राने मोजलं बरोबरच, पण नासलेलं रक्त.

‘यंत्र ऑटोमॅटिक आहे, चुकेल कसं?’ हाही भ्रमच. म्हणून रोज आधी मूल्य माहीत असलेला कंट्रोल चालवून आकडा लेव्ही-जेनिंग्स आलेखावर मांडतात. ही पद्धत १९५० पासूनची. सलग दहा आकडे सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर प्रत्येक आकडा मर्यादेत असूनही काहीतरी सरकलेलं असतं. शिवाय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारखी संस्था देशभर नमुने पाठवून प्रयोगशाळांचे निकाल पडताळते.

भिंतीवर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं प्रमाणपत्र असलं म्हणजे सगळ्याच तपासण्या मानांकित, असं नाही. मान्यता ठरावीक तपासण्यांनाच मिळते. त्यांची यादी मागून पाहावी.

सर्वांत घातक समज म्हणजे चूक करणाऱ्याला काढलं की प्रश्न मिटतो. त्याने लोक चुका लपवायला शिकतात. त्याऐवजी नाकारलेल्या प्रत्येक सॅम्पलचं कारण रजिस्टरमध्ये लिहिलं, महिन्याने मोजलं, तर गुठळी, नाव नसलेला बल्ब, उशीर यांतलं सर्वांत मोठं कारण समोर येतं. आधी तेवढंच दुरुस्त करून पुन्हा मोजायचं. रुग्णाच्या हातीही एक तपासणी आहे: रक्त घेतल्यावर आपल्यादेखत बल्बवर पूर्ण नाव, वय आणि वेळ लिहिली गेली का, ते पाहायचं आणि नसेल तर तिथेच लिहून घ्यायचं.